नलूचा हात

सुंदराने नलूचा हात इतका घट्ट धरला होता की पोरीची बोटं पांढरी पडली होती. शाळेच्या फाटकात आयाबापांची गर्दी होती. नव्या वर्षाचा पहिला दिवस, म्हणून वर्गशिक्षिका कमळाबाई स्वतः फाटकाशी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातावर चिमूटभर साखर ठेवत होत्या.

"या, या. आई, तुम्हीपण आत या. आज सगळ्यांनी थांबायचं. मुलांना वर्गात बसवूनच जायचं."

सुंदरा आत आली, पण भिंतीच्या कडेकडेने. उघड्यावरून चालणं तिने जानेवारीपासून सोडलं होतं. तेव्हा परळच्या रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा आणि पोलिसांच्या गोळ्या एकदमच ऐकू यायच्या. शेजारच्या रखमेचा दीर नुसता डोकावायला म्हणून गॅलरीत गेला आणि तिथेच कोसळला. सुंदराने नलूला खाली ओढून तिच्यावर अंग टाकलं होतं.

पुढे गोळीबार थांबला, गिरण्यांचे भोंगे वेळेवर वाजू लागले. पण खोलीत ट्रंक जरी आदळली तरी मायलेकी जमिनीवर आडव्या. पोरीने भारीच धसका घेतलाय, सुंदरा सगळ्यांना सांगायची. तिला सावरायला म्हणून मी खाली बसते. चाळीतल्या बायकांनी नलूची दृष्ट काढली, अंगारा लावला. गुण काही आला नाही, आणि नलू शाळेतही गेली नाही.

आज पहिल्या पाळीला निघताना नलूचा बाप, दगडू, दारात थबकला होता.

"आज चेडू शाळेत पडला, तर गणपतीक गावाक नेतंय. थय आवशीकडे रवांदे."

एवढं बोलून तो गेला. त्याच्यामागे दार धाडकन आपटलं आणि दोघी पुन्हा जमिनीवर. तो रागावला असता तर बरं झालं असतं. दगडूचा राग दुपारपर्यंत विरायचा. शांतपणे बोललेलं मात्र तो करून दाखवायचा. सात वर्षांची पोर आजीकडे, आणि बोटीने जायचं गाव.

"नलू पहिल्या रांगेत," कमळाबाई म्हणाल्या.

"बाई, मी धरते ना तिला. जरा आवाज झाला की ती..."

"असू दे. मी आहे."

त्यांनी सुंदराची बोटं हळूच सोडवली. नलू रांगेत जाऊन उभी राहिली. सुंदराने डोळे मिटून गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं: आजचा दिवस पोरीला उभी ठेव, बाबा. डोळे उघडले तेव्हा शाळेचा शिपाई रामजी पायरीशी येत होता. त्याच्या हातात काय आहे ते पुढच्या बायकांमुळे तिला दिसलं नाही.

खाड्कन आवाज झाला.

तोंडात माती गेली तेव्हा तिला कळलं, आपण पालथ्या पडलो आहोत. अंगाखाली नलू नव्हती. पोर कुठे गेली, या एकाच भीतीने तिने मान वर केली. बाकी कोणीच पडलं नव्हतं. पहिल्या रांगेत नलू ताठ उभी होती.

कोणी हसलं नाही. त्या वर्षी परळात अशा गोष्टींना कोणी हसत नसे. नलू रांग सोडून आली, आईजवळ उकिडवी बसली आणि तिच्या पदराची माती झटकू लागली.

"आये, नारळ फोडल्यानी गो. आता खोबरा वाटतले."

सुंदराला उठवेना. ती आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होती. कमळाबाईंनी पाण्याचा तांब्या आणला.

"चला, तुम्ही आज वर्गात बसा," त्या म्हणाल्या. "मागच्या बाकावर. नलू बसेल पुढे."

संध्याकाळी दगडू आला तेव्हा नलू गॅलरीत सागरगोटे खेळत होती. त्याने हातपाय धुतले आणि चुलीपाशी येऊन टेकला.

"पडला काय चेडू?"

नाही एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"चेडू नाय पडला," सुंदरा म्हणाली. "मी पडलंय. इतके दिवस मीच तेका खाली ओढलंय."

दिवेलागणीला नलू आत आली तसा दगडू उठला, आणि रोज धाडकन लागणारं ते दार त्याने दोन्ही हातांनी धरून हळूच लोटलं.