एका भांड्यात जेवणारी माणसं

गरिबी आणि शिक्षणाच्या आपल्या पाहणीसाठी आपलंच गाव निवडलं गेलं, तेव्हा प्राध्यापक दलिला ट्यूनिसहून चार वर्षांनी आईच्या दारात आली. तीही फॉर्म भरणाऱ्या हाजरच्या मागोमाग, पाहुण्यासारखी.

आईने, मबरूकाने, जवाची भाकरी आणि तेलाची वाटी पुढे सरकवली. "खा गं. की तुमच्या कामात जेवायला बंदी आहे?"

हाजरने पेन काढलं. "मावशी, या घरात एका भांड्यात जेवणारी माणसं किती?"

"दोन. मी आणि ही."

हाजर घुटमळली. सहा महिन्यांत जो घरी जेवला नाही, त्याला मोजायचं नाही, हा नियम दलिलाचाच होता.

"एक लिही," दलिला म्हणाली आणि हातातला घास तिने खाली ठेवला. ट्यूनिसमध्येही तिच्या घराचा आकडा एकच होता.

"घरात सगळ्यांत जास्त शिकलेलं कोण?"

"हीच की! अख्खं विद्यापीठ हिच्यापुढे वह्या उघडून बसतं."

"मावशी, त्यांना धरता येत नाही. तुम्ही किती शिकलात?"

"मी? मी अंगठेबहाद्दर."

हाजरने 'शिक्षण नाही' या चौकोनात खूण केली. गालिचे विणून वाकडी झालेली बोटं मबरूकाने फॉर्मवर टेकवली. "मग हिला शिकवलं, ते कुठे लिहितेस, बाई?"

हाजरने दलिलाकडे पाहिलं. सगळे रकाने दलिलानेच आखले होते. तरीही दलिला फॉर्म हातात घेऊन तो रकाना शोधत पानं उलटत राहिली.