खालून येणारा जबाब

"आज पाव्हण्यांसमोर दिलीपला भिडू म्हनलीस ना, तर बघ! कबड्डी चालू हाय का हितं?" अक्कांनी सकाळीच सुनेला दम भरला.

वासंती अंगण झाडत राहिली. भैरवगढच्या पलीकडं शेत, शेतातच घर. बावीस वर्षांपूर्वी नवराबायकोनं मिळून इथली विहीर खोल केली. तो खाली खणायचा, ती वर दोर धरून बसायची. घडीघडीला ती "भिडू!" म्हणून हाक मारी, खालून "भिडू!" असा जबाब येई. जबाब नाही आला तर ओढायचं, हे ठरलेलं. विहीर झाली, लेक केतकी झाली, लग्नाला आली, तरी दोघं एकमेकांना तेच म्हणत राहिली. अक्कांना ते बिलकुल खपत नसे. नवराही भिडू आणि बायकोही भिडू, मग घरात थोर कोण?

केतकीला बघायला आजच नानाखेड्याची माणसं यायची होती आणि आजच पाणी बंद पडलं. दोन दिवस लाइट नव्हती म्हणून दिलीपनं डिझेल इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलेलं. ते सकाळी तासभर धूर ओकत चाललं, मग पाणीच ओढेना. वैशाखाचं ऊन, भेंडी माना टाकायला लागलेली.

"पाइपात कचरा अडकलाय. पाच मिनटाचं काम," म्हणत दिलीपनं इंजिन बंद केलं, कमरेला दोर बांधला आणि उतरला.

तेवढ्यात पाहुणे आलेच. मुलाचे वडील श्रीकांतराव आणि आई प्रतिभाताई. त्यांना शेत बघायची हौस, म्हणून अक्कांनी विहिरीजवळच लिंबाखाली खुर्च्या टाकल्या. केतकी आत पोह्यांच्या गडबडीत होती.

वासंतीनं दोर हातात घेतला. शब्द ओठावर आला, पण अक्कांचे डोळे तिच्यावरच होते.

"अहो, ऐकलं का?" ती हळूच म्हणाली.

"कोणाला बोलवून राह्यलीस?" खालून हसू आलं. प्रतिभाताईही हसल्या. वासंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर तिनं हाकच मारली नाही.

"मुलगी स्वयंपाकात दालबाफले करते ना?" प्रतिभाताईंनी विचारलं.

"एकदम फस्क्लास!" अक्का म्हणाल्या आणि केतकीचं कौतुक सांगत बसल्या. वासंतीचं तिकडं लक्ष नव्हतं. खाली पाइपावरची ठोकाठोक थांबली होती. किती वेळ झाला असेल? हातातला दोर सैल पडला होता.

"भिडू!"

अक्का चमकल्या. जबाब नाही.

"भिडू! ए भिडू!" ती काठावर ओणवी होऊन किंचाळली. खाली दिलीप गाळात, विहिरीच्या भिंतीला टेकून मान टाकून बसला होता. दोर ओढत ती ओरडली, "ओढा! धावा कोणीतरी!"

"इंजिनाचा धूर साठलाय खाली. कोणी उतरू नका!" म्हणत श्रीकांतरावांनी इस्त्रीच्या सदऱ्यानिशी दोर धरला. प्रतिभाताईंनी पदर खोचला. अक्कांचे सत्तरीचे हातही दोराला लागले. कप्पी करकरत होती, हात सोलून निघत होते आणि दिलीप इंचाइंचानं वर येत होता. एवढा जड तो कधीच लागला नव्हता.

त्याला लिंबाखाली आडवा केला. केतकी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. श्रीकांतराव दवाखान्यासाठी गाडी काढायला पळाले. "बाळा, डोळे उघड रे," म्हणत अक्का त्याचे गाल थोपटत होत्या. वासंती त्याचा हात धरून बसली होती. आपण लाजलो, हाक मारली नाही, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

थोड्या वेळानं त्याची छाती जोरात हलली. खोकला आला. डोळे मिटलेलेच, पण ओठ हलले.

"भिडू..."

वासंतीनं तोंड उघडलं. हुंदक्याशिवाय काही बाहेर पडेना. प्रतिभाताई बघत होत्या, केतकी बघत होती.

अक्कांनी सुनेचा खांदा धरून गदागदा हलवला.

"अगं भिडू, बघत काय बसलीस? जबाब दे त्याला!"