नाकमास्तरांची सर्दी

दादाची निळी गाडी धुराच्या तपासणीत दुसऱ्यांदा नापास झाली आणि नाकमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. तिसऱ्यांदा नापास झाली की ती रस्त्यावरून कायमची उतरणार होती. दादा, म्हणजे मास्तरांचा थोरला भाऊ, गेल्यापासून वहिनीच ती चालवत. गावाबाहेरच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि पहाटेच्या पाळीला तिकडे बस जात नसे.

गाडीच्या दुखण्याचं निदान नाकाने करायचं, हा मास्तरांचा खाक्या. गॅरेजात त्यांनी तपासणीचं यंत्र कधी येऊच दिलं नाही. गाडी सुरू करायची, मागे उकिडवं बसायचं, धूर हुंगायचा आणि सांगून मोकळं व्हायचं: ऑइल जळतंय, पेट्रोल जास्त जातंय, नाहीतर रेडिएटरचं पाणी आत उतरतंय. लोक आधी हसत आणि गाडी दुरुस्त झाली की गप्प बसत. नाव पडलं ते असं, आणि मास्तर ते ऐटीत मिरवत.

या गाडीपुढे मात्र त्यांची मात्रा चालेना. धूर हुंगला तर काहीच खोट नाही. तरी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, सेन्सर बदलला. तपासनीस पुन्हा तेच सांगे, पेट्रोल अर्धवट जळून बाहेर पडतंय. "तुमचं यंत्रच आजारी आहे, त्याला आधी दाखवा कुणाला तरी," असं मास्तर त्याच्यावर डाफरले आणि गाडी परत घेऊन आले.

"विकून टाका, वहिनी. या म्हातारीला किती दिवस सलाईन लावायचं? मी दुसरी बघून देतो."

"विकायची नाही," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं. वहिनींनी लगेच रुमाल नाकाला लावला.

"अहो भाऊजी, केवढा पेट्रोलचा वास! रोज डोकं धरतं माझं."

"कुठे वास?" मास्तर हसले.

"कुठे काय? भपकारा येतोय नुसता!"

मास्तरांचं हसू ओसरलं. प्लग पुसलेलं, पेट्रोलने ओलं फडकं त्यांच्या हातातच होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं, मग नाकावर दाबलं. पाण्यात बुडवलेलं असावं तसं ते लागलं. थंडीत त्यांना मोठा ताप येऊन गेला होता. तेव्हापासून जेवणाला चव लागत नव्हती आणि ते बिनदिक्कत बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवत आले होते. आता सगळं लख्ख कळलं. जन्मभर ज्याच्या जिवावर खाल्लं ते कधी निघून गेलं, याचाही त्यांना पत्ता नव्हता.

काय काय आपण नाकावर सोडलं होतं, ते मास्तर भराभर आठवू लागले. पेट्रोलचा दाब सांभाळणारी एक छोटी डबी असते, रेग्युलेटर. तिच्या आतला पडदा फाटला की पेट्रोल एका बारीक नळीतून थेट इंजिनात जातं. कधीकधी नळी बाहेरून कोरडी दिसते, पण वास लपत नाही. ती नळी मास्तरांनी मागेच काढली होती, हुंगली होती आणि जशीच्या तशी परत लावली होती.

त्यांनी इंजिन बंद करून नळी पुन्हा काढली.

"वहिनी, मला जरा सर्दी झालीये. ही हुंगून बघता का?"

"शी! पेट्रोलच आहे नुसतं."

"तेच म्हणतो मी," मास्तर म्हणाले.

रेग्युलेटर बदलला आणि गाडी पास झाली. वहिनींनी तपासनिसाला तिथल्या तिथे ऐकवलं, "आमच्या भाऊजींचं नाक आहे म्हटलं! यंत्राला जमेल का?" तपासनिसानेही हात जोडले, "मानलं मास्तर तुम्हाला." मास्तरांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

बाहेर आल्यावर वहिनी गाडीत बसल्या, पण त्यांनी चावी फिरवली नाही.

"विकत का नाही, ते सांगते आता. या सीटला अजून यांचा वास आहे, भाऊजी. घरातला गेला. उशीचा गेला, शर्टांचा गेला. इथे तेवढा राहिला होता, तोही पेट्रोलच्या वासात येईनासा झाला. मला वाटलं, हाही गेला. आज परत आलाय बघा." त्या खाली उतरल्या. "बसा ना. तुमचाही भाऊ होता. सर्दी असली तरी येईल."

मास्तर आत बसले. दादाचं डोकं जिथे टेकायचं तिथे त्यांनी तोंड लावलं आणि छाती भरून श्वास घेतला. गालाला कापड खरखरीत लागलं. त्यांनी पुन्हा श्वास घेतला, मग आणखी एकदा, डोळे मिटून.

"आला?" वहिनींनी खिडकीशी वाकून विचारलं.

"आला," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघून वहिनींना ते खरं वाटलं.