तीन ओळी

मी बोलतेय, फोनच्या नोंदी चाळणारी चाळणी. मला हात लावता येत नाही. मी संगणकातला एक प्रोग्रॅम आहे. फिनलंडच्या उत्तरेकडच्या एका छोट्या गावात नगरपालिकेनं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी मदतीचा फोन ठेवलाय. कोणाचा फोन कधी आला, किती सेकंद चालला, ते मी टिपून ठेवते आणि हवं ते निवडून देते.

नऊ वर्षं ते फोन घ्यायला माझ्यासमोर इर्मेली बसते. चष्मा कपाळावर आणि तोंडात माझ्यासाठी एकच हाक : "अगं भवाने, दे लवकर!"

तिचे साहेब ओलावी. त्यांना पसारा खपत नाही. "पाच सेकंदांच्या आतले फोन म्हणजे चुकून दाबलेली बटणं. ते यादीत नकोत," म्हणून त्यांनी मला तशी अट घालून दिली. त्या नोंदी मी पुसल्या नाहीत, फक्त झाकून ठेवल्या.

मग फेब्रुवारीतलं ते वादळ आलं. अख्ख्या तालुक्याची वीज गेली. बाहेर उणे अठरा. सकाळपासून फोन थांबायचं नाव घेईनात.

बाराच्या सुमाराला हेलसिंकीहून सायमा नावाच्या बाईंचा फोन आला. "माझ्या बाबांचा, एइनोंचा, फोन लागत नाही. तुमच्याकडे केला होता का त्यांनी?"

इर्मेलीनं त्यांचा नंबर माझ्यात घातला. मी कोरी यादी पुढे केली.

"नाही हो, इथे काही नाही. वीज नाही ना, पडले असतील पांघरूण घेऊन."

"बाबा दिवसा कधी झोपत नाहीत," सायमा म्हणाली. "पण तुम्ही म्हणताय तर…"

फोन ठेवला. इर्मेलीनं कॉफीचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"साहेब, ती पाच सेकंदांची अट काढते."

"आत्ता? अगं, सगळा कचरा अंगावर येईल. सतरा जण रांगेत आहेत!"

"येऊ दे."

अट निघाली. ओळींचा नुसता लोंढा आला. तिनं पुन्हा एइनोंचा नंबर घातला आणि पडद्यावर तीन ओळी उरल्या. सात बावन्न, तीन सेकंद. सात अठ्ठावन्न, चार सेकंद. आठ दहा, दोन सेकंद. त्यानंतर काहीच नाही.

"थंडीनं मोबाइलची बॅटरी मरत होती," इर्मेली पुटपुटली. "म्हातारा परत परत चालू करत होता, साहेब. म्हणजे ते घरात नाहीत, बाहेर गारठ्यात आहेत."

तिनं एइनोंना फोन लावला. बंद. ओलावींचा चेहरा उतरला. त्यांनी रुग्णवाहिका मागवली आणि त्या बाजूला बर्फ उपसणाऱ्या तौनोला स्वतः फोन केला.

"एइनोच्या घराकडे वळ. आत्ताच्या आत्ता."

"रस्ता गाडला गेलाय, साहेब."

"मग उकर!"

चाळीस मिनिटं गेली. इर्मेली दुसऱ्यांचे फोन घेतच होती. "हो आजी, मेणबत्त्या खालच्या कप्प्यात बघा." आवाज शांत होता, पण मध्ये जरा उसंत मिळाली की ती एइनोंचा नंबर पुन्हा लावून बघत होती.

मग तौनोचा आवाज आला. "सापडला! सरपणाच्या खोपटात पडलाय. खुबा मोडलाय बहुतेक. अंगावर गोणपाटं ओढून घेतलीत. मला उशीर झाला म्हणून शिव्या घालतोय!"

"घालू दे, बाबा, घालू दे," इर्मेली म्हणाली आणि रडायला लागली.

डोळे पुसून तिनं सायमाला फोन लावला. वडील सापडले, दवाखान्यात नेताहेत, हे सांगितलं. तिथेच थांबता आलं असतं. पण ती पुढे म्हणाली, "मघाशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्यांचा फोन आला होता. तीनदा."

पलीकडून सायमानं विचारलं :

"मग तुम्ही पुन्हा का शोधलंत?"

"तुम्ही म्हणालात ना, ते दिवसा झोपत नाहीत."

एइनो वाचले, डाव्या हाताची दोन बोटं मात्र गेली. ती अट ओलावींनी त्याच संध्याकाळी कायमची काढून टाकली.

पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवा प्रोग्रॅम येतोय. जाताना एवढंच मागते : कोरी यादी दिसली की लगेच 'काही नाही' म्हणू नका, आधी काय झाकलंय ते बघा. त्या तीन ओळी सकाळी सव्वाआठपासून माझ्याजवळ होत्या, आणि मला ओरडता येत नव्हतं.