हात थरथरतात की चाक

"राग मानू नका आबा, पण गाडी नाही थरथरत. तुमचे हात थरथरतात."

लोटन हे बोलला तेव्हा त्याच्या टायरच्या दुकानात चार माणसं बसली होती. चौघांनीही आधी चुडामण आबांच्या हाताकडं पाहिलं आणि मग घाईघाईनं दुसरीकडं. आबांनी हात खिशात घातले नाहीत. मनात आलं होतं, पण घातले नाहीत.

चुडामण आबांना एकाहत्तरावं लागलेलं. दीपनगरच्या वीज केंद्रात त्यांनी तेहतीस वर्षं फिटर म्हणून काढली. बॉयलरचा धूर ओढणारे पंखे माणसाच्या दुप्पट उंचीचे. त्यातला एखादा थरथरायला लागला की साहेब लोक यंत्रं लावून आकडे घेत बसायचे, आणि आबा बेअरिंगवर तळवा ठेवून सांगायचे, "पातं जड झालंय," किंवा "बोल्ट ढिला आहे." दहातल्या नऊ वेळा तेच निघायचं. निवृत्तीनंतर ते नशिराबादला राहायला आले, तर आजूबाजूचे केळीवाले शेतकरी त्यांना बोलवायला लागले. कुणाचा पंप आवाज करतो, कुणाची मोटर हादरे देते. आबा आपल्या अठरा वर्षांच्या जुन्या मोटारसायकलवर बसायचे आणि बांधाबांधानं जाऊन यायचे. पैसे कुणी दिले तर घ्यायचे, नाही दिले तर केळीचा घड घ्यायचे.

महिन्यापूर्वी ते पडले. केळी भरायच्या जागी ओला पालापाचोळा पडलेला, त्यावरून पुढचं चाक सटकलं. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. पण धुळ्याला शाळेत शिक्षक असलेल्या हितेंद्रला, म्हणजे त्यांच्या मुलाला, हे कळलं आणि त्याचा रोज फोन सुरू झाला. आबा, वय झालं. आबा, हायवेवर ट्रक असतात. शेवटी त्यानं सांगूनच टाकलं, "गाडीला गिऱ्हाईक पाहिलंय. रविवारी घेऊन येतो."

"वय नाही रे," आबा फोनवर म्हणाले होते, "टायर गुळगुळीत झालं होतं."

त्याच टायरसाठी ते लोटनकडं आले होते. पन्नासच्या वर गेलं की हँडल हलतं, तेही त्यांनी सांगितलं. त्यावर लोटननं हाताचं ते काढलं. आणि मग, थोडं ओशाळून, खरं कारणही सांगितलं. "हितूभाऊंचा फोन आला होता. गाडी विकायचीय म्हणे, नवीन टायर बसवू नका. आता मी तुमच्या घरच्या भांडणात कुठं पडू?"

आबा उठले. गाडी चालवत नेली नाही, ढकलत घरी नेली. आपल्यामागं कुणी हात बघत असेल अशा वेळी किक मारायची त्यांना इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं ते जळगावला गेले. मोठ्या दुकानात चाक संतुलित करायचं यंत्र होतं, पण ते म्हणे आरे असलेल्या जुन्या चाकांना बसत नाही. दुकानदारानं सल्ला दिला, अख्खं चाकच नवं घ्या. त्यानं सांगितलेली किंमत ऐकून आबांनी नुसतं टायर आणि ट्यूब घेतली, टायर खांद्यात अडकवलं आणि एसटीत खिडकीशी बसले. कंडक्टरनं टायरचं तिकीट लागेल म्हणून पाहिलं, तर आबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुढं निघून गेला.

शुक्रवारी सकाळी अंगणात गाडी डबल स्टँडवर उभी झाली. इंजिनाखाली लाकडी ठोकळा गेला आणि पुढचं चाक हवेत आलं. सुनंदाबाई ओट्यावर भाजी निवडत होत्या. त्यांचं माहेर शिंदखेड्याकडचं. नशिराबादला चव्वेचाळीस वर्षं संसार करूनही बोलण्यातली अहिराणी त्यांनी सोडली नव्हती.

"काय करी ऱ्हायनात?"

"टायर बदलतो."

"घरमा?"

"लोटन टाकत नाही. तुह्या पोरानं फोन केला त्याले."

सुनंदाबाईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. हितेंद्रनं फोन केल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. "दुकानवालाले फोन करा?" त्या म्हणाल्या. "बापले न सांगता?" आणि पदर खोचून अंगणात उतरल्या.

चाक निघालं. हवा सोडली. पण टायरची कड रिमला अशी चिकटलेली की आबांनी गुडघा देऊन, टाच मारून पाहिली, तरी हलेना. वर्षानुवर्षं बसलेली ती. आबांना दम लागला.

"सरका," सुनंदाबाई म्हणाल्या. चाक जमिनीवर आडवं होतं. त्यांनी भिंतीला हात टेकला, दोन्ही टाचा टायरच्या कडेवर ठेवल्या आणि सगळं वजन टाकलं. फट्ट असा आवाज झाला आणि कड सुटली. "मी जाड शे म्हणी रोज बोलतस ना," त्या म्हणाल्या. "उलटं करा. तठे बी उभी ऱ्हास."

जुनं टायर निघालं. रिमला आतून गंज होता, तो आबांनी पॉलिश पेपरनं घासला. नव्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पाहिला. टायरवर रंगाचा एक ठिपका असतो, तिथं टायर सगळ्यात हलकं. तो ठिपका व्हॉल्व्हच्या जागी आणला. कडेला साबणाचं पाणी लावलं, ट्यूब आत घातली आणि लोखंडी लिव्हरनं कड रिमवर चढवत नेली. सगळं नीट चाललं होतं. शेवटचा वीतभर भाग राहिला आणि तिथं हात आडवा आला. लिव्हर धरलेला उजवा हात थरथरला, लिव्हर आत जास्त घुसली. आबांनी जोर दिला. टायर बसलं. हवा भरली, आणि भरता भरताच सूं सूं ऐकू आलं.

नव्या ट्यूबला भोक.

आबा पायरीवर बसले. हाताकडं पाहत राहिले. लोटन खोटं बोलला नव्हता. हात थरथरत होते, दोन वर्षांपासून. चहाची बशी वाजायची, म्हणून ते कपानंच प्यायचे. हे सुनंदाबाईंनाही माहीत होतं आणि दोघांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मग सुनंदाबाईंनी पाण्यानं भरलेलं घमेलं आणून त्यांच्यापुढं आदळलं.

"भोक कोठे शे ते त देखा."

पुन्हा सगळं उतरवलं. ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे निघाले तिथं खूण केली, घासून पंक्चरचं ठिगळ लावलं. या वेळी आबांनी घाई केली नाही. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून तिला गोल केलं, म्हणजे ती दुमडून लिव्हरखाली येत नाही. अंगाला लावायची पावडर टाकली. व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात केली, शेवट व्हॉल्व्हपाशी. लिव्हर एका वेळी दोन बोटांपेक्षा जास्त पुढं नेली नाही. हात थरथरला की थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा धरायचे. सुनंदाबाई गुडघ्यानं मागची कड दाबून बसल्या होत्या. टायर बसलं, हवा भरली, आणि ती टिकली.

आता खरा प्रश्न. थरथर कुणाची?

आबांनी दोन सारख्या उंचीचे स्टूल आणले. चाकातून एक्सलचा दांडा घातला आणि त्याची दोन टोकं दोन स्टुलांवर ठेवली. चाक मध्ये मोकळं लोंबत होतं, कुणाचाही हात न लागता. त्यांनी ते हलकेच फिरवलं आणि मागं सरले. चाक फिरलं, मंद झालं, थोडं उलटं आलं, थांबलं. खाली आलेल्या जागी आबांनी खडूनं रेघ मारली. पुन्हा फिरवलं. रेघ पुन्हा खाली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, रेघ खाली.

"हे पाह्य," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "हे पाह्य! माहा हात कुठं आहे? सांग, कुठं आहे हात?" त्यांनी दोन्ही हात वर केले होते. "चाकच एका बाजूनं जड आहे. रिमच तशी आहे. अठरा वर्षं तशीच असंल, जुनं टायर झिजलं तेव्हा जास्त जाणवलं."

जड बाजूच्या बरोबर समोर वजन लावायचं होतं. ते विकत मिळायचं नाही. आबा गल्लीच्या टोकाला अय्युबकडं गेले. अय्युब टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त करायचा, वय साठीच्या पुढं, डोळ्याला जाड भिंग. त्यानं सोल्डरच्या, म्हणजे डाग द्यायच्या कथिलाच्या, तारेचं अर्धं रीळ काढून दिलं आणि स्वतःही मागं मागं आला.

"चाक को कथील लगाते है क्या, आबा?"

"आऱ्याले गुंडाळायचं. बघ तू."

आऱ्याच्या रिमकडच्या टोकाला तार गुंडाळायला बारीक हात लागतो. आबांच्या बोटांत तार नाचायला लागली. अय्युबनं पाहिलं, खाली बसला आणि तार त्यांच्या हातातून घेतली. "किती वेढे?"

आबांनी त्याला घेऊ दिली. "सहा घाल. नाही, आठ."

आठ वेढ्यांनी रेघ वर राहायला लागली, म्हणजे जास्त झालं. दोन काढले. चाक जिथं थांबवावं तिथं थांबायला लागलं. रेघ वर, रेघ खाली, रेघ आडवी, कुठंही. अय्युबनं वेढ्यांवर घट्ट टेप गुंडाळली. तिघंही त्या स्थिर चाकाकडं पाहत उभे राहिले.

दुपारी चाक बसवून आबांनी ब्रेक तपासला, दोन फेऱ्या मारल्या आणि जाहीर केलं, "उद्या धुळ्याले जातो. याच्यावर."

"मी बी येसू," सुनंदाबाई म्हणाल्या.

"शंभर किलोमीटर आहे."

"माहेर तिकडलं शे मनं. माले रस्ता नका सांगा."

शनिवारी उजाडताच दोघं निघाले. जळगाव, पाळधी, एरंडोल. पन्नासला हँडल शांत. साठलाही शांत. आबांनी एकदा काटा पासष्टवर नेला आणि पाठीत ठोसा बसला, तसा खाली आणला. पारोळ्याला चहा घेतला. सुनंदाबाईंची कंबर आखडली होती, पण त्या तसं म्हणाल्या नाहीत.

हितेंद्रच्या इमारतीचा वॉचमन अभिमन खुर्चीतून उठला. "कोठून उनात आबा?"

"नशिराबादहून."

"ह्या गाडीवर? बाई मानूसले मांगे बसाडीसन?" तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

हितेंद्र जिना उतरून आला तो चप्पल न घालताच. "आबा, वेड लागलं का तुम्हाला? आणि आई, तूही? काही झालं असतं तर?"

"लोटनले फोन करताना माले विचारं का तू?" सुनंदाबाई म्हणाल्या.

आबांनी चावी त्याच्यापुढं धरली. "बस. हायवेवर जाऊन ये. साठ कर."

तो नको म्हणत होता, पण आबांचा हात तसाच पुढं राहिला, हवेत, थरथरत. त्यांनी तो मागं घेतला नाही. शेवटी हितेंद्रनं चावी घेतली. वीसेक मिनिटांनी परत आला आणि गाडी लावली.

"हँडल हललं?"

"नाही."

"लोटन म्हणतो, माहे हात हलतात."

हितेंद्रनं मान खाली घातली. "दिवाळीत मी चालवली होती ना, पेट्रोल टाकायला. तेव्हाही हलत होतं, आबा. माझ्याच हातात हलत होतं."

"मंग बोलला नाही?"

"वाटलं, तुम्हीच घाबरून गाडी सोडाल. बरं झालं, असं वाटलं."

आबांना राग आला. वॉचमन गेटकडं निघून गेला. मग आबा शांतपणे बोलले. "हात थरथरतात. खोटं नाही सांगत. काल नवी ट्यूब फोडली मी त्या हातानं. पण तेहतीस वर्षं मी हेच केलं, हितू. कोणतं थरथरणं कशाचं, ते मले कळतं. ज्या दिवशी या हातानं गाडी हलंल, त्या दिवशी चावी मी आणून देईन. तू मागायची नाही. आणि माह्या गाडीचं गिऱ्हाईक पाहायचं नाही."

हितेंद्रला रडू आलं, किंवा येणार होतं. तेवढ्यात त्याची बायको मोहिनी वरून ओरडली, "आधी वर तरी या सगळे, आईंना बसू तरी द्या!" तिनं गरम पाण्याची पिशवी आणली आणि सुनंदाबाईंनी ती सगळ्यांसमोर कमरेला लावली. हितेंद्रनं दुसऱ्या खोलीत जाऊन गिऱ्हाइकाला फोन केला. गाडी विकायची नाही, एवढं आबांना ऐकू आलं. त्यानं काय कारण सांगितलं ते मात्र आलं नाही.

परतताना सुनंदाबाई एसटीनं आल्या. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता आणि त्यावर त्यांनी चर्चा होऊ दिली नाही.

आबा अजून गाडी चालवतात. पावसाळा संपता संपता एकदा बोदवडहून येताना दिवेलागण झाली आणि समोरच्या ट्रकचे दिवे त्यांच्या डोळ्यांत असे फुटले की रस्त्याची कड दिसेना. ते गाडी बाजूला घेऊन उभे राहिले आणि ट्रकांची रांग जाऊ दिली. घरी आल्यावर त्यांनी सुनंदाबाईंना सांगितलं, "दिवस मावळल्यावर मी गाडी काढणार नाही." मग हितेंद्रला फोन लावला आणि त्यालाही तेच सांगितलं.

"बरं झालं आबा," तो म्हणाला. "मी सांगणारच होतो."

"तू नाही सांगितलं," आबा म्हणाले. "मी ठरवलं." आणि फोन ठेवला.