मायेस्त्रोंच्या हातातली छडी

दीड वीत लांब, पिसासारखी हलकी आणि जैतुनाच्या लाकडाच्या मुठीची मी एक जुनी छडी आहे. मित्रांनो, शाळेतली छडी आठवून दचकू नका. मी कधी कुणाला मारलेलं नाही. वाद्यवृंदाला ताल दाखवणं, एवढंच माझं काम.

कैरोत तंतुवाद्यं बनवणाऱ्या एका कारागिरानं मला तासलं. "हिच्यातून सूर नाही निघायचा हं," तो म्हणाला.

"म्हणूनच तर हवी," मला बनवून घेणारे वाद्यवृंद-संचालक रऊफ विसा म्हणाले. "एवढ्या जणांत एक तरी गप्प बसणारं नको का?"

हे रऊफ पुढे सगळ्यांचे मायेस्त्रो, म्हणजे संगीतातले गुरुजी, झाले. मला हाती धरून त्यांनी ट्यूनिस, प्राग, मिलान इथले वाद्यवृंद गाजवले. पण त्यांचं खरं काम घरचं. परक्या भाषांतले ऑपेरे, म्हणजे गाण्यांतून उलगडणारी नाटकं, त्यांनी अरबीतून गाऊन घेतले. आधी जाणकारांनी नाकं मुरडली. पुढे नाईलकाठचे टॅक्सीवाले तीच गाणी गुणगुणू लागले. सरकारनं पदक दिलं. ते कपाटात गेलं, मी हातातच राहिले.

मग आजारानं त्या हाताला कंप सुटला. बोटांतला कंप माझ्या टोकाशी पोचेपर्यंत मोठा होतो, आणि वादकांची नजर नेमकी टोकावर असते. मायेस्त्रोंनी काम थांबवलं. मी खणात पडून राहिले.

बऱ्याच वर्षांनी ऑपेरागृहानं त्यांना निरोपाच्या प्रयोगासाठी बोलावलं. त्यांनी खण उघडला, तेव्हा त्यांची मुलगी इंजी शेजारीच होती.

"बाबा, नुसत्या हातांनी करा ना. हिच्यामुळे सगळ्यांना दिसेल."

"अगं, दिसावं म्हणूनच तर ही असते."

तालमीत त्यांनी मला उचललं. लिहिलेला होता एक लांब, संथ सूर. माझं टोक थरथरलं आणि तो इशारा समजून व्हायोलिनवाल्यांनी गज थरथरवत सूर लावला. चूक कळताच त्यांनी गज थांबवले. मायेस्त्रोंनी मला खाली ठेवलं. समोर खुर्चीत बसलेल्या इंजीनं त्यांना घरी न्यायला पर्स उचलली.

तेवढ्यात म्हातारा चेलोवादक शौकी म्हणाला, "मायेस्त्रो, थरथर तुम्ही सांभाळा. सूर आम्ही सांभाळतो."

"गाढवा, जन्मात पहिल्यांदा कामाचं बोललास!" मायेस्त्रो खळखळून हसले. "चला. आता छडीचं टोक सोडा, माझा श्वास बघा."

त्यांनी श्वास घेतला. मी थरथरतच वर गेले आणि सूर आला, थांबल्या पाण्यासारखा. प्रयोगातही तसंच झालं. मागच्या रांगांनाही माझी थरथर दिसली असेल. पहिल्या रांगेतल्या इंजीनं मान खाली घातली नाही.

त्या हिवाळ्यात ते गेले. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर इंजीनं रिकाम्या खोलीत मला उचललं. मी थरथरले. तिला तर कुठलाच आजार नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. तुमच्या घरात कुणाचा हात कापत असेल, तर त्या हातातला पेला घाईनं काढून घेऊ नका. थोडं सांडेल. सांडू द्या.