काळ्या पडद्याखाली

मित्रांनो, तुमच्या ओळखीचे पडदे खिडकीला लटकतात, वाऱ्याने फुगतात. माझा जन्म मात्र एका टेबलासाठी झाला. मी एक जुना काळा पडदा, दुहेरी जाड कापडाचा.

मला शिवताना शिंपीकाका कुरकुरले होते, "एवढं जाड कशाला? हत्तीला स्वेटर शिवतोय का मी?"

"काका, उजेड आगाऊ पाहुण्यासारखा असतो," ताई म्हणाली. "जरा फट दिसली की आत येऊन बसतो."

ताई म्हणजे प्रयोगशाळेतली इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर. आकाशातून सतत बारीक कण येत असतात. ते तुमच्या-माझ्यातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. ते मोजणारं यंत्र म्हणजे डिटेक्टर. कण त्यातून गेला की अगदी पुसटसा उजेड चमकतो, एक काचेची नळी तो टिपते आणि ताईने बनवलेला बोर्ड तो इशारा मोठा करून मोजतो. बाहेरचा उजेड आत आला तर मोजणी खोटी ठरते. म्हणून डिटेक्टरवर मी.

तिथला एक नियम कडक होता. नळी चालू असताना मला उचलायचं नाही. तेवढ्या उजेडाने ती कायमची आंधळी व्हायची. त्यामुळे मला हात लावण्याआधी जो तो भिंतीवरचं मोठं बटण बंद करी, आणि टेबलावरचं सगळंच विझे.

ताईने दोन वर्षं खपून नवा बोर्ड केला. मध्ये बाळंतपण झालं, तरी काम सोडलं नाही. बोर्ड चालू की बंद हे लांबून कळावं म्हणून तिने त्यावर मोहरीएवढा हिरवा दिवा बसवला. विभागाचे प्रमुख खूश झाले. "छान केलंस. असं बारीक भान हवं."

बोर्ड डिटेक्टरवर चढला, मला पांघरलं, बटण दाबलं. आणि मोजणीचे आकडे उधळलेल्या घोड्यासारखे धावत सुटले.

"ताई, तुझा बोर्ड खोटं मोजतोय," प्रमुख म्हणाले.

"बोर्ड नाही सर. हा पडदा जुना झालाय. उजेड झिरपत असेल."

मित्रांनो, ते माझ्या मनाला फार लागलं. कारण खरं काय ते मला दिसत होतं. माझ्या पोटात तो हिरवा दिवा मजेत तेवत होता. पण मला उचलायच्या आधी बटण बंद होई आणि दिवा विझे. मग कुणाला दिसणार? आणि पडद्याला तोंड कुठे असतं?

माझ्यावर दुसरा, नवा कोरा पडदा घातला. आकडे तसेच. प्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "शुक्रवारी डिटेक्टरचं झाकण बसणार. नंतर कित्येक वर्षं आत कुणाचा हात पोचणार नाही. तोवर जमलं नाही, तर दुसऱ्या गटाचे बोर्ड लावावे लागतील. वाईट वाटून घेऊ नकोस."

ताईने मान हलवली. प्रमुख पलीकडे कागद चाळत बसले, ही एकेक तार तपासत राहिली.

दुपारी तिच्या आईचा फोन आला. ताईचे हात तारांत गुंतलेले, म्हणून तिने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"काय करू गं तुझ्या लेकीचं? पडदे ओढले, दार लावलं, तरी डोळे टक्क उघडे! शेवटी बघते तर उशाशी तुझ्या चार्जरचा दिवा. महाराणी त्याच्याशी गप्पा मारत होत्या. टाकला त्यावर टॉवेल. आता घोरतेय."

ताई हसली. हसता हसता थांबली.

"आई, ठेवते."

"जेवलीस का पण?"

"आई, ठेवते!"

तिने मोठ्या बटणाला हात लावला नाही. फक्त नळीची वायर काढली, बोर्ड चालूच ठेवला. प्रमुखांना खोलीतले दिवे घालवायला सांगितलं आणि माझ्याखाली डोकं घातलं. डोळे अंधाराला सरावेपर्यंत ती तशीच वाकून राहिली. तिचा श्वास तेवढा मला लागत होता.

"सर, या. तुम्हीही डोकं घाला आत."

दोघंही माझ्या पोटात. हिरवा दिवा दोघांच्या नाकांवर.

"याला छान म्हणालो होतो ना मी?" प्रमुख पुटपुटले.

"हो. आणि मी फुलून गेले होते!"

तिने तापल्या सळईने दिव्याचे टाके सोडवून तो काढून टाकला. पुन्हा पांघरलं, नळी जोडली. आकडे हळूहळू, शहाण्यासारखे पडू लागले. ताई स्टुलावर बसली आणि तिने ओंजळीत तोंड लपवलं. शुक्रवारी तिच्या बोर्डावरच झाकण बसलं.

झाकणाला पडद्याची गरज नसते. टेबलावर पुढच्या चाचण्यांसाठी आता नवा पडदा असतो. मी खालच्या फळीवर पडून आहे. परवा कुणीतरी माझ्या कोपऱ्याला तेलकट हात पुसले. त्याचंही फारसं वाटत नाही.

मित्रांनो, एकच मागणं आहे. त्या दिवसांत मला सगळ्यांनी जुना म्हटलं, पण उजेडासमोर धरून कुणीच पाहिलं नाही. तुमच्या घरातलं जुनं काही टाकायला निघाल, तेव्हा एवढं करा. ते हातात घ्या, खिडकीशी न्या, नीट बघा. भोक दिसलं तर खुशाल टाका.

माझ्यात अजून एकही नाही.